तीन दिवस पाय ठेवू नका

बसवलेल्या फरशीच्या सांध्यातून मिस्त्री आधी अंगठ्याचं नख फिरवायचे. मग ते नख गालाला टेकवून ओल पाहायचे आणि मान हलवायचे. "नाही जी मॅडम, ओली हाये अजून. तीन दिवस पाय ठेवू नका."

मला ते नख दिसलं की डोकं फिरायचं. शहराबाहेर मिहानच्या बाजूला फ्लॅट उठायला लागले तेव्हापासून मी घरांच्या आतल्या कामांवर देखरेख करते. सुतार, रंगारी, प्लंबर, सगळ्यांच्या मागे लागणं हाच माझा धंदा. त्यात हे टाइल्सचे मिस्त्री तीन दिवसांच्या खाली बोलायचेच नाहीत. तुमच्याही घरी येऊन गेला असेल असा एखादा, ज्याच्याशी सगळे भांडले आणि काम मात्र त्याचंच टिकलं.

ते उमरेडचे. रोज एसटीनं यायचे, पिशवीत डबा आणि थापी. घरी वडिलांपर्यंत हातमाग होता. "ताणा ढिला असला का बाप जेवू देत नव्हता," एकदा म्हणाले. म्हणून की काय, यांचा सांधा इकडून तिकडे दोरीत असायचा.

एका बाईंच्या बाथरूममधलं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या सांध्यात भरतात तो मसाला, भुगा होऊन गळत होतं. बाई माझ्यावर तणतणल्या, मी मिस्त्रींना घेऊन गेले. ते आत गेले, बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, ॲसिडचा डबा कुठी ठेवला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नळाले विचारलं," ते म्हणाले. नळ काळा पडला होता. "दर रविवारी घासता नं? फरशी चमकून राहिली, सांधा बिचारा मरून राहिला." बाई एवढ्या हसल्या की त्यांनी चहा टाकला.

ग्राउट कालवताना पाणी गिलासानं मोजायचे. एका मजुरानं अंदाजानं ओतलं तर ओरडले, "रस्सा वाढवून राहिला का गा? वाळल्यावर याचं पीठ होते!" अख्खी बादली फेकायला लावली. माझ्यासमोर. मी काय बोलणार, कपाळ?

आता ते सांगते, जे सांगायला मी बसले आहे.

एका फ्लॅटचं काम मागे पडलं होतं आणि वास्तुपूजेचा मुहूर्त डोक्यावर आला होता. मालकांना हॉलमध्ये सांधा दिसायला नको होता. मोठ्या टाइल्स, एकीला एक चिकटून. मिस्त्री ऐकेनात. टाइल्समध्ये सांधा आणि भिंतीच्या कडेनं बोटभर फट, यावर अडून बसले. "मे महिन्यात फरशी फुगते जी. जागा नाही भेटली तं उठून बसते."

"मुहूर्त पुढे ढकलायला तुम्ही येणार आहात का? चिकटवून बसवा, फट बुजवा. आणि रेघांमध्ये ग्राउटची भराई उद्याच झाली पाहिजे. जमत नसेल तर मी दुसरा मिस्त्री बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाइल्सच्या मधल्या रेघेवर नख टेकवलं, गालाला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, लईच ओली हाये."

"भरा म्हटलं ना!"

त्यांनी भरलं. दिवसभर गुडघ्यांवर होते. डबा तसाच परत नेला. पूजा झकास झाली. पाहुण्यांनी हॉलचं कौतुक केलं आणि ते मी हसत हसत घेतलं.

पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी, हॉलच्या मधोमध धाडकन आवाज झाला. दोन टाइल्स एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या. मालकांचे म्हातारे वडील आवाजानं उठून धडपडत बाहेर आले आणि त्या कडेला अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा चालले नाहीत.

मालकांनी मला आणि मिस्त्रींना बोलावलं. रेघांमधलं ग्राउट बोट लावलं की भुगा होत होतं. "हे कोणी केलं?" ते ओरडले. आतल्या खोलीत वडील कण्हत होते.

मी म्हणाले, "मिस्त्रींनी घाई केली. ओलं असतानाच भरलं."

हो, मी म्हणाले. एवढी वर्षं सगळ्यांवर आवाज चढवणारी मी, त्या दिवशी भित्री निघाले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता हो, तेच तर सोसवत नाही. मग मालकांसमोर हात जोडून म्हणाले, "हाव जी. हात माहाच होता."

मालकांनी ही गोष्ट चार सोसायट्यांत पोचवली. मिस्त्रींचं काम बंद झालं. त्यांचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. कोराडीकडे कुठल्याशा कॉलनीत फुटक्या बाथरूमना पांढरं सिमेंट फासत फिरतात, असं प्लंबरकडून कळलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच प्लंबरनं सांगितलं, मिस्त्री गेले. छातीत दुखलं आणि संपलं.

मी उमरेडला गेले. घर दोन खोल्यांचं. त्यांच्या बायकोनं मला मागल्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. पूर्वी तिथे माग होता. जमिनीवर ठिकठिकाणच्या कामांवरून उरलेले टाइल्सचे तुकडे बसवले होते, शंभर रंगांचे. मध्ये सारखा सांधा, भिंतीच्या कडेनं बोटभर फट. सांधे रिकामेच होते.

"बसवून झालं अन् म्हणाले, तीन दिवस पाय ठेवू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गेले. मी मंग कोणाले भरू नाही देल्लं. पायबी नाही ठेवला."

मला राहवलं नाही. त्या उंबऱ्याशीच मी सगळं सांगितलं. घाई माझी होती, हुकूम माझा होता, आणि नाव मी त्यांचं घेतलं.

"मले तं म्हणे, माह्याच हातून घाई झाली," त्या हळू बोलल्या. "दोन वर्षं मी त्यायले बोलून राहिली वं बाई. ताटावरबी बोलली. काहून केली घाई, तुमच्या घाईनं घर बसलं म्हणून. एका शब्दानं उलटून नाही बोलले."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो सोडवून घेतला आणि त्या खोलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "इकडे तोंड करून. मोठ्यानं सांगा."

मी त्या रिकाम्या खोलीकडे वळले आणि मोठ्यानं सांगितलं.