बायजीने पारखलेला डॉक्टर

उधवा गावात आशा सेविका बायजीच्या शब्दाला वजन होतं. पाड्यावरची बाई दवाखान्यात जायची ती बायजीला सोबत घेऊनच. बायजी ज्याच्या दारात चप्पल काढेल तो डॉक्टर खरा, मग आणखी काय बघायचं?

नाक्यावर मान-पाठीच्या दुखण्यांचा नवा डॉक्टर आला. पाटीवर 'डी.ओ., ऑस्टिओपॅथी'. बायजीने, शहाणीच ती, सर्टिफिकेट मागितलं. त्याने भिंतीवरची फ्रेम दाखवली, इंग्रजी अक्षरं आणि सोनेरी शिक्का. दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा घालण्यात तिचा जन्म गेलेला. शिक्का दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. महिन्याभरात तिने वीस बायका त्याच्याकडे नेल्या.

मंगळवारी शेजारीण काळीला त्याच्या दवाखान्यात यायला सांगून ती आधी उपकेंद्रात गेली. काळी गवताचा भारा घेऊन पडली होती, हाताला मुंग्या येत होत्या.

"त्याचा नोंदणी नंबर बघितलास?" नव्या डॉक्टरचं ऐकून जयश्री सिस्टरांनी विचारलं. "अमेरिकेत शिकलेला डी.ओ. पूर्ण डॉक्टर असतो. बाकी बऱ्याच देशांत ते नुसतं हातांनी अंग मोकळं करायचं शिक्षण. आणि कुठूनही शिकू दे, इथे डॉक्टर म्हणून बसायचं तर मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव लागतं."

मोबाईलवर त्यांनी यादी उघडून दिली. बायजीने नाव तीनदा शोधलं. नव्हतं.

"मी वर कळवते. तोवर बायकांना थांबव."

थांबव म्हणे! बोलावं तर वीस घरं तोंडात शेण घालणार, न बोलावं तर पडलेल्या काळीची मान तो पिरगाळणार. हात दाखवून अवलक्षण ते हेच. बायजीला रडूच आलं, पण पाय दवाखान्याकडे पळत होते.

काळी टेबलावर आडवी होती, डॉक्टरचे हात तिच्या हनुवटीखाली.

"काळी, ऊठ. हा डॉक्टर नाही. याचं नाव यादीत नाही. मी चुकले."

काळी उठली. डॉक्टर शांतपणे हसला. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांनी सगळं ऐकलं, एकमेकींकडे पाहिलं. कोणी हललं नाही.

"काहीतरी बिनसलंय दोघांचं," एक कुजबुजली.

"आई, घरी चला," बायजी बाकावरच्या सासूचा, रखमीचा, दंड धरून म्हणाली.

रखमीने दंड सोडवून घेतला. "तूच म्हणालीस ना, याच्या हाताला गुण आहे?" ती म्हणाली, आणि रिकाम्या झालेल्या टेबलाकडे आत गेली.