भिंतीचं अभ्रक, शिरेचं अभ्रक

रायपुरात तात्यापारा वस्तीत आम्ही सहा जणं एका खोलीत राहायचो. बाबा मालधक्क्यावर हमाली करायचे, आई चार घरची भांडी घासायची. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा एमएस्सी झाली नाही तं गोंदियाचं स्थळ पक्कं."

गजभिये काका आमच्या भूगर्भशास्त्र विभागात दगड कापायचे. स्वतः दहावी नापास. दगड हाती आला की आधी चाटायचे. ओला झाला की त्याचा खरा रंग दिसतो. विभागप्रमुखांच्या टेबलावरचा शोभेचा दगडही त्यांनी चाटला होता, आणि "सर, सिमेंट हाये" एवढं कळवलं होतं.

माझा प्रकल्प तांब्याच्या शिरेवर होता. जमिनीखालचं कढत पाणी खडकाच्या भेगेतून चढतं, निवलं की सोबतचा धातू गारगोटीबरोबर तिथंच सोडतं. तीच शीर. तिचं वय काढायला तिच्याबरोबर वाढलेलं अभ्रक लागतं. अभ्रकातल्या पोटॅशियमचा थोडा भाग ठरल्या गतीनं आर्गॉन होत असतो; तो किती साचला ते मोजायचं. बाहेरच्या प्रयोगशाळेत विभागाचा एकच नमुना मंगळवारी जाणार होता. माझा.

मी चकचकीत अभ्रकाचा दगड आणला. काकांनी चाटला आणि यंत्र बंद केलं.

"हा कोठून काढला वो?"

"शिरेच्या बाजूनं."

"म्हंजे भिंतीतून. भिंतीचं वय इचारशीन तं खिडकी कधी फोडली ते कसं समजन?"

"काका, चमक तं पाहा!"

"चमक पाहून लगन होते पोट्टे, वय नाही निघत."

मी रडले. परत डोंगरावर जायचं म्हणजे बस, मग पाच किलोमीटर पायी. रविवारी काका डबा घेऊन सोबत आले. दिवसभर दगड चाटले. संध्याकाळी गारगोटीच्या आत, तांब्याच्या खनिजाला चिकटलेलं नखाएवढं फिकट अभ्रक सापडलं. काकांची जीभ सोलली होती.

"मीठ कमी हाये डोंगरात," ते म्हणाले. "पण शीर कोवळी निघन, पाहून घेजो."

अहवाल आला तेव्हा विभागाला लांब सुटी लागली होती. शीर भिंतीच्या खडकाहून कितीतरी कोवळी होती. तो घेऊन मी बुढापारा वस्तीत काकांच्या घरी गेले, तर काकांना जाऊन महिना झाला होता. काकूंनी कागद फोटोसमोर ठेवला आणि चहा टाकला.

गोंदियाचं स्थळ बारगळलं. मी एमएस्सी पहिल्या वर्गात पास झाले. आज सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक आहे.