आईनं उकळलेला द्राक्षरस

उद्या चर्चमध्ये भाकरीबरोबर द्राक्षरस वाटून होणाऱ्या प्रभुभोजनासाठी मी नौबाद गावातल्या माझ्या घरी काळी द्राक्षं उकळतेय. त्या वासानं लहानपणीचा एक रविवार समोर आला.

त्या दिवशी चर्चसाठी रस आईनंच केला होता. पाळकांनी प्रभुभोजन घ्यायला पुढे बोलावल्यावर अप्पा उठले, आई मात्र बाकावरच बसून राहिली. घरात चार दिवस दोघांचा अबोला होता. अप्पा अर्ध्या वाटेतून परतले.

"कामून बसलीस?"

"तुमच्यावरचा राग गेला न्हाई अजून. असल्या मनानं प्रभूचा प्याला कसा घेऊ?"

"मग म्याबी घेत न्हाई," म्हणत अप्पा तिच्याशेजारी बसले.

सगळे बघत होते. मी लाजेनं मान खाली घातली. वाटलं, आमचं घर मोडलं. ते त्याच बाकावर सावरलं होतं, हे आता कळतं.

मी गॅस बंद केला आणि आठवड्यात पहिल्यांदाच नवऱ्याला हाक मारली.