रविवार, साडेबारा ते अडीच

मुलाचा मेल आला तेव्हा मी भाजणी भाजत होते. आमच्या सिंगापूरच्या, चोआ चू कांगमधल्या फ्लॅटमध्ये भाजणी भाजायची म्हणजे सगळ्या मजल्याला कळतं. समोरच्या चिनी मावशी निमूट उठून दार लावून घेतात. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन उघडला. दोन ओळींचा मेल आणि खाली एक फाइल होती, आमच्या अलाबामाच्या चौदा दिवसांचा प्लॅन.

मुलगा तिकडे असतो, अमेरिकेच्या दक्षिणेला. इथली सैन्यातली सक्तीची दोन वर्षं संपवून तो शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून तिकडचीच, शाळेत शिकवते, बोलायला गोड. नात दोन वर्षांची झाली आणि मी तिला अजून एकदाही उचलून घेतलेलं नाही. आधी आमच्या ह्यांचा खांदा आडवा आला, पोराला ह्यांनी कारण दुसरंच सांगितलं, मग व्हिसाची तारीख, मग त्यांचं घर बदलणं. तिकिटं हातात आली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं, दोन आठवडे त्या पोरीच्या मागे मागे फिरायचं. तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं, तिने ढकलून दिलं तरी परत जवळ जायचं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं मला.

फाइल उघडली. पहिला दिवस, विमानतळ ते हॉटेल.

हॉटेल? मी चष्मा काढला, पदराला पुसला, परत वाचलं. हॉटेलच होतं. दुसरा दिवस, गोल्फ. तिसरा दिवस, रॉकेटचं म्युझियम. चौथा, गोल्फ. त्या राज्यात म्हणे वरच्या टोकापासून पार समुद्रापर्यंत गोल्फचे कोर्स ओळीने बांधलेत, माणसाने खेळत खेळत खाली जायचं. आम्हीही तसेच खाली जाणार होतो, दर एक-दोन दिवसांनी नवीन हॉटेल. मग आखाताकाठचा पांढऱ्या वाळूचा बीच, एक जुनी युद्धनौका, फुलांची बाग, गुहा. मी नातीला शोधत ओळी उतरत गेले. सापडली एकदाची. पहिला रविवार, साडेबारा ते अडीच, घरी जेवण. पुढे कंसात लिहिलं होतं, बाळाच्या झोपेवर अवलंबून. दुसऱ्या रविवारी गुहा होत्या.

वा रे वा! चौदा दिवसांत दोन तास, तेही पोरगी झोपली तर गेले. डोक्यात अशी तिडीक गेली की भाजणीच्या कढईकडे बघवेना. मी ह्यांना हाक मारली.

ह्यांनी प्लॅन वाचला तो उभ्याउभ्याच. चेहरा हळूहळू फुलत गेला. "अगं, सहा दिवस गोल्फ! पोरगा लक्षात ठेवतो हं."

"काय लक्षात ठेवतो? तुमचा हात कानाच्या वर जात नाही. भांग मी पाडून देते सकाळी."

"ते त्याला कुठे माहितीय?"

"का नाही माहीत? सांगितलंत का कधी?"

गोल्फचं खरं सांगायचं तर ह्यांना ते कधी आवडलंच नाही. चाळिशी उलटल्यावर बँकेतला साहेब खेळायचा म्हणून शिकले. रविवारी पहाटे उठून जायचे, दुपारी लालबुंद होऊन यायचे आणि जेवताना त्या चेंडूला शिव्या द्यायचे. मुलाला मात्र रविवार म्हणजे बाबांचं गोल्फ एवढंच ठाऊक. पुढे सरकारने त्या कोर्सची जमीन घरांसाठी परत घेतली, तेव्हा ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बॅग बॉम्ब शेल्टरमध्ये टाकली. प्रत्येक फ्लॅटमध्ये ती जाड भिंतींची खोली असते. युद्ध काही होत नाही, म्हणून आम्ही तिथे तांदूळ आणि जुन्या बॅगा ठेवतो. आता हे आत शिरून ती बॅग ओढायला लागले.

"अहो, कशाला?"

"बघतो गं जरा. पोराने एवढं बुकिंग केलंय."

एका हाताने ओढत होते. मी मदत केली नाही. फार राग आला होता मला, कोणाचा ते कळत नव्हतं म्हणून ह्यांच्यावर काढत होते.

सुनेवर ढकलायची सोय होती. मी ती करून पाहिली, खोटं कशाला बोलू. लॅपटॉपवर प्लॅन मोठा करून बसले, तिचा हात कुठे दिसतो का ते बघायला. वेळ, ठिकाण, कसं जायचं, जेवण कुठे, टीप. पाच रकाने. सकाळचं ठिकाण पिवळं, दुपारचं हिरवं. तीन दिवसांनंतर अर्धा दिवस आराम. टिपेच्या रकान्यात टोपी, पाणी, औषधाची वेळ. आणि मग ओळखलं. हे सगळं माझं होतं. हे रकाने मीच आखले होते, पंचवीस वर्षांपूर्वी.

आम्ही नवीन आलो तेव्हा इथल्या प्रत्येक मराठी घराला एकच काळजी असायची. भारतातून आई-वडील येणार, आपण दोघं दिवसभर ऑफिसात, त्यांचं करायचं काय? मी अकाउंट्समधली बाई, मी शीट बनवली. पक्ष्यांची बाग, सेंटोसा, ऑर्किडची बाग, नदीतली बोट. कुठल्या एमआरटी स्टेशनला उतरायचं, शाकाहारी काय मिळेल, बसायला बाकडी कुठे आहेत, सगळं होतं त्यात. यिशुनपासून बुओना व्हिस्टापर्यंतच्या मराठी घरांत ती शीट फिरली. ओळख नसलेल्या बायका गणपतीत भेटून सांगायच्या, तुमच्या शीटमुळे आमच्या सासूबाईंचं सिंगापूर मस्त झालं. मला कोण अभिमान त्याचा! आई-बापांची सोय लावून दिली होती ना मी, सगळ्या बेटाच्या.

माझी आई आली ती वडील गेल्यानंतर, सांगलीहून, तीन आठवड्यांसाठी. तिलाही मी शीटवर घातलं. सकाळी डबा, टोपी आणि तिकीट देऊन टूरच्या बसमध्ये बसवायचं, संध्याकाळी उतरवून घ्यायचं. फोटोत प्रत्येक ठिकाणी ती हसतेय. मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता. संध्याकाळी आजीने आज काय पाहिलं ते तो शीटवर टिक करायचा, हौसेने. एका शनिवारी मी घरी होते, आई चहा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आज मला काही दाखवू नकोस गं. तू बस माझ्यापाशी."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगं, तिकिटं काढून झालीत."

आई उठली, साडी बदलली आणि गेली. कपाळ माझं! वाद घातला असता, रुसली असती, तर मी बसले असते. ती मुकाट्याने गेली आणि संध्याकाळी पोपटांचं कौतुक सांगत आली. त्यानंतर ती कधी आली नाही. बोलावलं की गुडघ्यांचं कारण सांगायची. मी तिला गुडघ्यांचे पट्टे पाठवायचे.

लॅपटॉपसमोर बसून मी रडले. हे दारात येऊन उभे राहिले, काय झालं म्हणाले. मी म्हटलं, कांदा चिरत होते. टेबलावर कांदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी फोन लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ. ठरवून बसले होते की सरळ विचारायचं, आडून आडून नाही. आईने मला एकदाच मागितलं आणि सोडून दिलं, मी सोडणार नव्हते.

"आई, यू सॉ द प्लॅन?" तो खुशीत होता. "नाइस, राइट?"

"छान केलायस रे. फार कष्ट घेतलेस." ते खोटं नव्हतं. बाबांना उन्हात चालावं लागू नये म्हणून कोर्सवर फिरायची गाडीसुद्धा त्याने सांगून ठेवली होती. "पण मला काय वाटतं, आम्ही हॉटेलात नको. तुझ्या घरीच राहतो. बाहेरच्या खोलीत गादी टाकली तरी चालेल. मला काही बघायचं नाही रे, मला पोरीपाशी राहायचंय."

तो मग म्हणाला, "व्हॉट, नो गोल्फ? बाबा लव्ह्ज गोल्फ."

"बाबांचा खांदा गेलाय. दोन वर्षं झाली."

"नोबडी टोल्ड मी."

"नाही सांगितलं. चुकलं आमचं. तर राहू ना घरी?"

मागे पोरीचा आवाज आला, काहीतरी हवं होतं तिला. मी फोन कानाला आणखी दाबून धरला, दुसऱ्या हाताने ह्यांना पंखा बंद करायची खूण केली. पण सून तिला आत घेऊन गेली असावी, आवाज बंद झाला.

"आई," तो मराठीत बोलला. तो मराठीत बोलतो तेव्हा मला भीतीच वाटते, कारण शब्द शोधून शोधून बोलतो आणि जे सापडतात ते खरे असतात. "तुम्ही दिवसभर घरी बसणार. मी पण बसणार. मग आपण बोलायचं काय?"

त्यात राग नव्हता. टोमणा असता तर मी दहा टोमणे दिले असते, त्यात मी कोणाला हार जाणारी नाही. तो खरंच विचारत होता. आणि उत्तरासाठी थांबला होता.

मी तोंड उघडलं. इतकी बोलघेवडी बाई मी, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाचीही कुंडली काढते. त्याला कामावर कोणाशी पटतं, त्याला कशाची भीती वाटते, रात्री झोप लागते का, ह्यातलं मला काही माहीत नव्हतं, आणि विचारायचं कसं तेही माहीत नव्हतं. शाळा, क्लास, मार्क, जेवलास का, पोचलास का. ह्याच्यापलीकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो. मी शोधलं. खरंच शोधलं. ह्यांच्याकडे पाहिलं, तर ते पायांकडे बघत होते.

"हॅलो? आई? यू देअर?"

"आहे रे," मी म्हटलं. "तो पांढऱ्या वाळूचा बीच कुठे आहे म्हणालास?"

त्याने श्वास सोडला, मला ऐकू आला. आणि मग सुरू झाला. ती वाळू उन्हातही पायाला चटका देत नाही म्हणे, साखरेसारखी बारीक असते. सकाळी लवकर गेलं तर डॉल्फिन दिसतात. बाबांना गोल्फ नको तर तिथेच एक दिवस वाढवू. युद्धनौकेत जिने अरुंद आहेत, पण आई, यू डोन्ट वरी, तुमच्यासाठी खालचा मजला पुरे. वीस मिनिटं बोलला. हसलासुद्धा. इतकं सलग तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मी हं, हं करत राहिले. नातीचा विषय पुन्हा काढला नाही.