झाडू लागला

माझ्या सुनेच्या, मृणालच्या हातात मी झाडू पहिल्यांदा पाहिला तो कॅनडात, बर्फावर. बायकांच्या कर्लिंगच्या विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना होता. एकीने जडशीळ, गुळगुळीत दगड बर्फावरून सोडायचा आणि दोघींनी त्याच्यापुढे जिवाच्या आकांताने झाडत धावायचं. झाडल्याने दगड लांब सरकतो. मात्र त्याला झाडू लागता कामा नये.

शेवटचा दगड नेमका हव्या त्या जागी थांबला. आम्ही उठून टाळ्या वाजवायला लागलो, तेवढ्यात मृणालने हात वर केला. "माझा झाडू लागला," तिने सांगितलं. दगड बाद झाला आणि हातातला सामना गेला.

"अगं आई, कुणालाही दिसलं नव्हतं!" शेजारी बसलेला माझा मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला. या खेळात म्हणे ज्याचा लागला त्यानेच सांगायचं असतं.

मला त्यात नवल वाटलं नाही. केरसुणीला पाय लागला की आपण वाकून नमस्कार करतो. घरात चिटपाखरू नसलं तरी करतो. तेव्हा कुठे पंच बघत असतो?

घामाघूम झालेली मृणाल वर प्रेक्षकांत आमच्याकडे आली. "हरलो, आई."

"बघितलं मी," मी म्हटलं. तिच्या हातातला झाडू काढून घेतला, खांद्यावर टाकला आणि जिंकलेल्यांच्या घोळक्यातून थेट गाडीपर्यंत मिरवत नेला.