सुपडू मिस्तरीची चूक

भूपेंद्रभाईंनी म्हसावदच्या रस्त्यालगतची केळीची बाग काढून सहलीची जागा करायची ठरवली, तेव्हा गवंडी म्हणून त्यांच्या तोंडी एकच नाव आलं. सुपडू मिस्तरी. वय पंचावन्न, सुपारीचंही व्यसन नाही. आसपासच्या गावांत नवं घर दाखवताना लोक रंगाच्या आधी सांगत, "भिंत सुपडूनी शे."

"सुपडूभाऊ, घर वाकडं बांधायचंय."

"वाकडं?"

"आत्ता पडेल असं वाटलं पाहिजे, पण पडता कामा नये. लोक फोटो काढायला येतील."

"भाई, तीस वरीस मी भिंत सरळ ऱ्हावाले मरी ऱ्हायनू," सुपडू हसला, "आन आते तुम्ही वाकडी कराले सांगी ऱ्हायनात!"

धुळ्याच्या इंजिनिअरनं पाया आणि सळईचा नकाशा दिला. पण प्रत्येक वीट सारखी झुकवायची कशी, ते नकाशात नव्हतं. सुपडू दोन दिवस विटा मांडून-मोडून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं अंगणात पाच फुटांची फळी कापली. एक कड सरळ, दुसरी तिरकी, वरच्या टोकाला पाच इंचांचा फरक. तिरकी कड भिंतीला टेकवायची आणि सरळ कडेवर ओळंब्याचा दोरा सोडायचा. दोरा कडेला धरून राहिला, की भिंत हवी तेवढीच झुकली. चोवीस फूट उंच घर त्यानं असं चढवलं. बाहेरून बघणारा दोन पावलं मागं सरकायचा. आतली जमीन मात्र इतकी सपाट, की काठोकाठ भरलेल्या बशीतला चहा सांडत नव्हता.

काम संपत आलं तेव्हा सुपडूनं भूपेंद्रभाईंकडे दोनच गोष्टी मागितल्या. दारावर स्वतःचं नाव. आणि लेकाला, हेमकांतला, नोकरी.

"मन्हा पोऱ्याले बोलता येस, भाई. माइक द्या त्याले."

हेमकांत शहाद्याच्या कॉलेजात स्नेहसंमेलनं गाजवायचा. सगळ्या सरांच्या नकला करायचा. भाईंनी दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

उद्घाटनाला सुपडू धुतलेली टोपी घालून, बायकोला, रंजनाबाईला घेऊन गेला. दारावर केवढा तरी बोर्ड होता. सुपडूला आकडे वाचता येत आणि स्वतःचं नाव.

"हेमकांतनी माय, देख! मन्हं नाव!"

"कोनतं?"

"ते पहिलं. लाल."

"एवढं मोठं! बाकीनं काय लिखं शे?"

शेजारी एक मुलगी मैत्रिणीचे फोटो काढत होती. सुपडूनं तिला हाक मारली, "बेटी, एवढं वाची दे."

मुलीनं मोठ्यानं वाचलं, "सुपडू मिस्तरीची चूक." मग खालची बारीक ओळ. "मिस्तरींनी घर सरळच बांधायला घेतलं होतं. पुढं काय झालं, ते माइकवर ऐका." ती हसली. "भारी आहे ना काका? आत जाऊन आलात का?"

आत हेमकांतचा आवाज घुमत होता.

"मंडळी, काठी गावची होळी करून आमचे मिस्तरी तिसऱ्या दिवशी कामावर आले. डोळे तांबडे. पाय इकडे, विटा तिकडे. आणि चालत कसे होते? असे!"

तो चालून दाखवू लागला. हशा पिकला. ती चाल सुपडूचीच होती. पाटी वाहून वाहून त्याचा डावा गुडघा गेला होता, तीच लंगडी चाल. हेमकांतनं तिला फक्त झिंग जोडली होती.

सुपडू भूपेंद्रभाईंकडे गेला. ते पाहुण्यांना केळीचे वेफर्स देत होते.

"भाई, आसं काब्र लिखं?"

"मला काय विचारता, सुपडूभाऊ? मी तर तुमच्या कारागिरीचा बोर्ड लावणार होतो. तुमचा हेमकांत म्हणाला, कारागिरी बघून लोक पुढं जातात, चूक बघायला थांबतात. आणि थांबलेच की!"

सुपडू पाठीमागच्या शेडमध्ये गेला, फळी आणि ओळंबा घेऊन आला. गर्दीतून वाट काढत त्यानं फळी भिंतीला टेकवली, दोरा सोडला.

"देखा! दोरा देखा! आठे चूक नही शे. मी मोजीसन बांधं शे!"

बाप आणि लेक एकमेकांसमोर आले. हेमकांतनं माइक खाली घेतला. रंजनाबाईला वाटलं, आता खरं सांगेल.

"मंडळी!" हेमकांत म्हणाला, "खुद्द मिस्तरी! अजून मानायला तयार नाहीत! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी सुपडूच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला.

घरी हेमकांतनं ताटावर बसता बसता सांगितलं, "आबा, नाटक शे ते. मनवर लेवानं नही."

"नाटकमा खोटं नाव लेवानं. मन्हं काब्र लिधं?"

"खरं नाव ऱ्हायनं म्हनजे लोकेसले खरं वाटस."

"वाटस ना! मंग बदल ते. सकाळ माइकवर सांग, हाऊ मन्हा बाप शे, त्यानी मोजीसन बांधं."

"आते बदलता नही येस, आबा. आजना व्हिडिओ वीस हजार लोकेसनी देखा मोबाइलवर." तो भाकरी कुस्करू लागला. रंजनाबाईनं त्याच्या ताटात डाळ वाढली नाही.

गुरुवारी सुपडूला मोतीलाल गुरुजींच्या घराचा पाया भरायचा होता. चुन्यानं आखणीही झाली होती. बुधवारी गुरुजी स्वतः आले, पण ओसरीवर चढले नाहीत.

"मला ठाऊक आहे रे, तू कसला माणूस आहेस. पण सून ऐकत नाही. म्हणते, माहेरचे विचारतील, घर कोणी बांधलं? काय सांगू?"

"सांगा, सुपडूनी बांधं."

गुरुजी माघारी वळले. "हसतात रे लोक," एवढं म्हणून गेले.

पंधरा दिवसांत आणखी दोन कामं गेली. पुढच्या सोमवारी सुपडूनं थापी आणि ओळंबा पिशवीत घातला आणि अक्कलकुव्याची एसटी धरली. तिथं हमरस्त्याच्या कडेला गुजरातेत कामाला जाणारी माणसं गाडीत चढत होती. ठेकेदाराचा माणूस यादी करत होता.

"काका, क्या काम आता है?"

"ईंट की चुनाई."

"नाम?"

सुपडूनं तोंड उघडलं. मागं दोघं जण मोबाइलमध्ये बघून कशालातरी हसत होते.

"भिला," तो म्हणाला. ते त्याच्या बापाचं नाव. बापही गवंडीच होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"चलो, भिलाकाका, पीछे बैठो."

सुपडू हलला नाही.

"ओ भिलाकाका!"

मग तो गाडीत चढला.