जड पिस्टनला हलकी पिन

सहादेवचं गॅरेज पेणकरपाड्यात होतं तेव्हा तिथे दारात चिंच होती आणि मागे मोकळं रान. परभणीहून नवी नवरी घेऊन आलेला हा माणूस दिवसभर इंजिनं उघडायचा. बायको सरोजा भाईंदरला नकली दागिन्यांच्या कारखान्यात खडे निवडायची. कारखाना बंद पडला त्या दिवशी मालकाने बायकांना म्हटलं, जे हवं ते न्या. कुणी पंखा नेला, कुणी खुर्च्या. सरोजाने माल तोलायचा पितळी तराजू आणला.

"याचं काय लोणचं घालणार?" सहादेव हसला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गॅरेजात आली. नव्या संचातले चार पिस्टन तो हातावर झेलत वजनाचा अंदाज घेत होता. एकही कमीजास्त भरला तर इंजिन थरथरतं, हे तो तिला नेहमी सांगायचा. तिने दोन पिस्टन पारड्यांत ठेवले. एक पारडं झपकन खाली गेलं. सहादेवने लगेच कानस उचलली.

"घासता कशाला?" ती म्हणाली. "ज्या पिनांवर हे बसतात, त्या पिना पण तोला ना. जडाला हलकी पिन द्या, हलक्याला जड."

त्याने आधी प्रत्येक पिन तेल लावून पिस्टनच्या भोकात घालून पाहिली. अंगठ्याने दाबल्यावर सरकायला हवी, खुळखुळायला नको. मग जोड्या लावल्या. पारडी जवळजवळ बरोबरीला आली. घासायला नखभरही उरलं नाही.

तेव्हापासून इंजिन उघडलं की सरोजा हजर. वाऱ्याने पारडी हलतात म्हणून दोघं दार ओढून बसायची. घरी भांडण होऊन अबोला धरलेला असला तरी पिस्टन तोलावेच लागत. "हा जड." "मग तो द्या इकडे." असं करता करता पारडी स्थिरावेपर्यंत अबोला कधी सुटला, ते दोघांनाही कळायचं नाही.

पुढे चिंच गेली, गॅरेज गेलं, तिथे बिल्डिंग उभी राहिली. दोघं शांती नगरला मुलाकडे, समाधानकडे राहायला आली. सहादेव एका खोलीत बातम्या बघे, ती दुसरीत मालिका. जेवायला हाक मारण्यापलीकडे बोलायला विषय उरला नव्हता.

एके दिवशी गणेशचा फोन आला. गणेश सहादेवच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःचं गॅरेज चालवतो.

"जयभीम, मामा. हरिश्चंद्र मंडपवाल्याच्या टेम्पोचं इंजिन उघडलंय. म्हणतोय, पिस्टन मामांच्याच हातून तोलून पाहिजेत."

"माझे हात थरथरतात रे आता."

"माझे नाही थरथरत," स्वयंपाकघरातून आवाज आला.

गणेशच्या गॅरेजात इलेक्ट्रॉनिक काटा होता. सरोजाने पिस्टन ठेवला, पण आकडा काही एका जागी थांबेना. तिने वर पाहिलं. "पंखा बंद कर रे, बाळा." आकडा थांबला. मग तिने पिना आलटून पालटून जोड्या लावल्या. तीन जुळल्या. चौथा पिस्टन सगळ्यात हलकी पिन देऊनही जड राहिला.

"याला घासावंच लागणार," सहादेव म्हणाला. कानस हातात घेतली तशी बोटं थरथरू लागली.

सरोजाने पदर खोचला आणि पिस्टन दोन्ही हातांनी घट्ट धरला. "चालवा. मी धरलाय."

तो आतल्या बाजूने जपून घासू लागला. मधूनच ती पिस्टन काट्यावर ठेवायची. "अजून जरा." पुन्हा घास. "अजून." गणेश चहा घेऊन आला आणि कप तसेच हातात धरून उभा राहिला. शेवटी चारही जोड्यांचा आकडा सारखा झाला. सहादेवने बायकोकडे बघितलं. तिच्या कपाळावर काळं ग्रीस लागलं होतं. पुसावंसं वाटलं, पण गणेशसमोर तो लाजला.

आठवड्याने टेम्पो सुरू झाला, तेव्हा दोघं गॅरेजातच होती. हरिश्चंद्र म्हणाला, "बसा, घरी सोडतो." पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसली. शांती नगरचं वळण जवळ आलं तशी सरोजा म्हणाली, "इकडे नको. उत्तनकडे घ्या, समुद्रावर."

"उत्तनला काय काम काढलंस?" सहादेवने विचारलं.

"काम काही नाही. किती दिवसांत बोललो नाही आपण."

सहादेव हरिश्चंद्रकडे वळून म्हणाला, "हळूच चालव. इंजिन नवं बांधलंय, सावकाश गेलेलं बरं."